मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि प्रवासाचा वेळ कागदावर कसा काढायचा

तिकिटावर छापलं होतं: १४ जून, ०१:३०. मामीने कालनिर्णयवर चौदा तारखेला लाल गोल केला, आणि तेरा तारखेला सकाळी अकरा वाजता मला फोनवर म्हणाली, "उद्या दुपारी निघतोय गं साताऱ्याहून. रात्री दीडचं विमान आहे, म्हणजे आरामात पोचू." मी दोन सेकंद गप्प बसले. चौदाच्या रात्रीचा दीड वाजेपर्यंत पंधरा तारीख लागलेली असते. चौदा तारखेचा दीड म्हणजे आज रात्रीचा. बॅगा अर्ध्या भरलेल्या, मेतकूट अजून दळायचं होतं, आणि मामा बँकेत गेलेला. चार वाजता निघाले, अकराला मुंबईच्या सहार विमानतळावर पोचले. विमान मिळालं, पण मामी अजूनही त्या दिवसाचा विषय निघाला की छातीवर हात ठेवते.

तेव्हापासून घरातल्या आणि सोसायटीतल्या लांबच्या प्रवासांचा हिशोब माझ्याकडे येतो. मी ट्रॅव्हल एजंट नाही. कागद, कॅल्क्युलेटर आणि थोडा संशय एवढंच माझं भांडवल. खाली सगळी रीत दिली आहे. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं, कारण आमच्याकडे तेच लागतं. शहरं बदलून कुठल्याही दोन ठिकाणांना ती चालते.

आधी अंतर: दोरा घ्या

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क रेघ मारली, तर ती अरबस्तान, तांबडा समुद्र, सहारा, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडते. नेहमीच्या मर्केटर नकाशावरच्या या सरळ रेघेची खरी लांबी भरते साधारण १४,२०० किलोमीटर. विमानं त्या वाटेने जात नाहीत, कारण ती सरळ नाहीच. गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसवताना वरचा, ध्रुवाकडचा भाग फुगतो आणि जवळची वाट लांबची दिसायला लागते.

मुलांचा पृथ्वीगोल घरात असेल तर माळ्यावरून काढा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा घट्ट ताणा. दोरा कच्छवरून सिंध, कंदाहार, मध्य आशिया असा चढत मॉस्कोच्या जवळजवळ डोक्यावर येतो. पुढे स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर, आणि मग तो न्यूयॉर्कला उतरतो. मुंबईहून निघताना विमानाचं नाक पश्चिमेला नाही, उत्तरेला थोडं डावीकडे असायला हवं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कुणीतरी भूगोलात फसवल्यासारखं वाटलं होतं.

गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर त्याचा परीघ होतो सुमारे ९४ सेंटीमीटर, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे एका सेंटीमीटरला ४२५ किलोमीटर. दोरा मोजला तर साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो, शाळेतल्या फूटपट्टीएवढा. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटर. नकाशावरच्या रेघेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर कमी.

दोऱ्यावर विश्वास नसेल तर गणित

बारावीचं गणित विसरला असाल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. "ग्रेट सर्कल मॅपर" नावाच्या संकेतस्थळावर दोन विमानतळांची तीन-तीन अक्षरी चिन्हं टाकली की आकडा आयता मिळतो. पण स्वतः काढण्यात मजा आहे.

दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्याने रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी. बेरीज १८०च्या वर गेली तर ती ३६०मधून वजा करायची.

आता कॅल्क्युलेटर. तो "डिग्री"वर आहे ना, हे आधी बघा. "रेडियन"वर राहिला तर उत्तर भलतंच येतं आणि आपण सूत्राला शिव्या देत बसतो.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०.

दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०.

दोघांची बेरीज −०.३८६०. याचा उलट कोसाइन काढला की ११२.७ अंश येतात. पृथ्वीवरच्या एका अंशाचे १११.२ किलोमीटर धरा. गुणाकार: सुमारे १२,५३० किलोमीटर.

पृथ्वी काही अगदी गोल लाडू नाही, ध्रुवांपाशी थोडी दबलेली आहे. त्यामुळे या रीतीत फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, त्याचं वाढीव अंतर धरायचं का, असं एका शेजाऱ्याने विचारलं होतं. धरलं तर वीस-बावीस किलोमीटर वाढतात. सोडून द्या.

किलोमीटरचे तास करायचे

लांब पल्ल्याची मोठी जेट विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण १२,५३०ला ९००ने भागून मोकळं व्हायचं नाही. त्यात तीन गोष्टी मिसळायच्या आहेत.

पहिली गोष्ट, वाकडी वाट. दोऱ्याच्या रेघेवरून विमान कधीच तंतोतंत जात नाही. वारा, वादळं, हवाई मार्गांची आखणी आणि राजकारण, चौघे मिळून ती वाकवतात. आपल्या रेघेवर पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया आहेत, यावरून समजून घ्या. पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारी ते जुलै २०१९मध्ये बंद होतं, आणि भारतीय विमानांना ते २४ एप्रिल २०२५ला पुन्हा बंद झालं. रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना २०२२च्या फेब्रुवारीअखेरपासून बंद. दिल्लीला याचा फटका जास्त, कारण पश्चिमेला जायचं तर पाकिस्तान दारातच आडवा येतो. मुंबईचं विमान निदान अरबी समुद्रावरून निसटू शकतं. मी साधारण पाच टक्के वाढवून धरते: १३,१६० किलोमीटर.

दुसरी गोष्ट वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांना जास्त जोर असतो. अमेरिकेला जाताना ते समोरून लागतात, येताना पाठीवर बसतात. फेब्रुवारी २०२०मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. एरवी तेच अंतर सहा-सात तास घेतं. म्हणून हिशोबात जाताना ताशी ८६० धरा, येताना ९४०.

लोक सांगतात की पृथ्वी फिरते म्हणून एका बाजूचा प्रवास लवकर होतो. तसं असतं तर हेलिकॉप्टर साताऱ्यावर नुसतं तरंगत ठेवलं असतं आणि खाली आपोआप अरबी समुद्र आला असता. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्याचा.

तिसरी गोष्ट, चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाणं. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, चाकं सुटल्यापासूनचा नाही. त्याला चाळीस मिनिटं.

जाताना: १३,१६० भागिले ८६० म्हणजे १५ तास १८ मिनिटं, अधिक चाळीस मिनिटं. जवळजवळ सोळा तास. येताना: १३,१६० भागिले ९४० म्हणजे चौदा तास, अधिक चाळीस मिनिटं. दोन्हींत सव्वा तासाहून जास्त फरक. थेट विमानांच्या वेळापत्रकाशी ताडून बघा, फार लांब जात नाही. अगदी खरं हवं असेल तर फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर त्या विमानाचा क्रमांक टाकून मागच्या आठवड्यात ते रोज खरोखर किती वाजता सुटलं आणि टेकलं, ते पाहता येतं. मी तिकीट काढायच्या आधी हे नेहमी बघते. रोज तासभर उशिरा सुटणारं विमान आपल्यासाठी वेळेवर सुटेल, अशी आशा का धरायची?

घड्याळाची गोची

मामीचा लाल गोल इथेच फसला, आणि बहुतेकांचा हिशोबही.

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्कची हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. त्यामुळे आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे होतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. युरोपात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. म्हणून मार्चच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला नेहमीचा फरकही बिघडलेला असतो. त्या दिवसांत लंडनला विमान बदलायचं असेल तर दोनदा तपासा.

सूर्याच्या हिशोबाने पाहायचं तर पंधरा रेखांशांना एक तास. आपले १४६.६५ अंश भागिले पंधरा म्हणजे पावणेदहा तासांच्या थोडं वर. खरं उत्तर साडेनऊ आणि साडेदहाच्या मध्ये कुठेतरी असणार, एवढं त्यावरून कळतं. बाकीचं सरकारं ठरवतात.

आता रीत. तिकिटावर दोन वेळा असतात आणि दोन्ही त्या-त्या गावच्या. त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. मामीच्या तिकिटावर मुंबई ०१:३०, न्यूयॉर्क ०७:५५, तारीख तीच. मामा म्हणाला, "सहा तासांत अमेरिका? मग सोळा तास कोण म्हणतं?" पोचायची वेळ आपल्या घड्याळात आणा: सकाळच्या ७:५५मध्ये साडेनऊ तास मिळवा, संध्याकाळचे ५:२५. आता वजाबाकी करा. रात्री दीड ते संध्याकाळी पाच पंचवीस, १५ तास ५५ मिनिटं.

येताना उलटं. न्यूयॉर्कहून दुपारी १२ला सुटलं, तर इथे रात्रीचे साडेनऊ. त्यात १४ तास ४० मिनिटं मिळवली की दुसऱ्या दिवशी दुपारचे १२ वाजून १० मिनिटं. तिकिटावर पोचायच्या वेळेला चिकटून बारीक "+१" असतो, तो हाच. तो न दिसल्यामुळे आणायला येणारा माणूस एक दिवस आधी विमानतळावर जाऊन चहा पिऊन परत आल्याची उदाहरणं आमच्या गल्लीतच दोन आहेत.

आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी माझा एकच नियम: रात्री १२ ते पहाटे ४मधलं सुटणं असेल तर कालनिर्णयवर आदल्या दिवशीच्या चौकोनात लिहायचं, "आज रात्री घराबाहेर". विमानाची तारीख तिथे लिहायचीच नाही.

मध्ये थांबा घेतला तर अंतर किती वाढतं?

मला वाटायचं, दोहा किंवा दुबईला उतरून जायचं म्हणजे मोठा वळसा. मग एकदा चारी वाटांचं गणित करून पाहिलं.

थेट: १२,५३० किलोमीटर. फ्रँकफर्टवरून: ६,५७० अधिक ६,१९०, एकूण सुमारे १२,७६०. लंडनवरून: जवळजवळ तेवढंच. दुबईवरून: १२,९३०च्या आसपास. दोहावरून: २,२९० अधिक १०,७७०, म्हणजे १३,०६०. सगळ्यात लांबच्या वाटेतही अंतर चार-सव्वाचार टक्केच वाढलं! सिंगापूरवरून गेलात तर मात्र सव्वाएकोणीस हजार होतात. सिंगापूर–न्यूयॉर्क हा तर जगातल्या सर्वांत लांब थेट विमानमार्गांपैकी एक, १५,३०० किलोमीटरच्या वर. स्वस्त तिकिटाच्या मोहात उलट्या दिशेला जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

मग थांब्याच्या तिकिटांवर वीस, चोवीस, तीस तास कुठून येतात? एक नमुना घेऊ. वेळा मी हिशोबापुरत्या धरल्या आहेत. मुंबई पहाटे ४, दोहापर्यंत ३ तास ४० मिनिटं. तिथे ३ तास थांबा. पुढे १४ तास. एकूण २० तास ४० मिनिटं. थेट विमानापेक्षा पावणेपाच तास जास्त. वाढलेल्या ५३० किलोमीटरचा त्यातला वाटा जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटं. बाकी सगळं दुसऱ्यांदा उतरणं-चढणं आणि खुर्चीत बसून घड्याळाकडे बघणं.

म्हणून थांब्याचं तिकीट पाहताना मी अंतराकडे बघतच नाही, थांब्याच्या तासांकडे बघते. दोन तासांपेक्षा कमी असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरं हुकण्याची धास्ती. वयस्क माणसांसाठी तीन ते चार तास बरे; पाय मोकळे होतात, औषधं वेळेवर घेता येतात. आठ-दहा तासांचा थांबा चार हजार रुपये वाचवण्यासाठी सत्तरीच्या माणसाला लावू नये, हे माझं मत. व्हीलचेअर हवी असेल तर ती तिकिटातच नोंदवा, विमानतळावर जाऊन मागण्याच्या भरवशावर राहू नका.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का, हेही बघायचं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागू शकतं, मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

अमेरिकेत पुढे दुसऱ्या शहरी जायचं असेल तर पहिल्याच अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि बॅगाही तिथेच हातात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. त्याला दोन तास कमीच. अबू धाबीवरून जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन मात्र अबू धाबीतच उरकतं. तिथे वेळ जास्त ठेवायचा, पण न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही.

दारापासून दारापर्यंत

तिकीट जे तास सांगतं ते विमानाचे. आपले तास वेगळे. साताऱ्याहून एडिसन, न्यू जर्सी, हा हिशोब मी सगळा भारतीय वेळेत मांडला:

दुपारी ३ – सातारा सोडलं. अडीचशे किलोमीटर, खंबाटकी, एक्स्प्रेसवे, एक चहा, आणि वाशीनंतर देवाची मर्जी.
रात्री १० – सहार, टर्मिनल २.
रात्री १:३० – विमान.
संध्याकाळी ५:२५ – जेएफके.
७ – इमिग्रेशन आणि बॅगा उरकल्या.
८:३० – एडिसनचं घर.

एकूण साडेएकोणतीस तास. त्यातले विमानाचे सोळा. उरलेले साडेतेरा जमिनीवर, आणि तिथेच आपल्याला काही वाचवता येतं. एडिसनला जायचं तर जेएफकेपेक्षा नेवार्क विमानतळ कितीतरी जवळ, राज्यही तेच. नेवार्कचं तिकीट थोडं महाग असलं तरी टॅक्सीचे पैसे आणि तास वजा करून बघा. उलट, जेएफकेला उतरून नेवार्कहून पुढचं विमान असं तिकीट स्वस्त दिसलं तर हात जोडा; मध्ये अख्खं न्यूयॉर्क आडवं आहे. आणि इकडेही आता तपासावं लागतं: डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झालाय, तेव्हा तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचून गाडी सहारकडे वळवू नका.

गोळ्यांच्या वेळांचा कागदही याच हिशोबावर होतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तो डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावा. झोपेचं म्हणाल तर शरीर दिवसाला साधारण एका तासाने जुळवून घेतं. परत आल्यावर पूर्वेच्या दिशेचा त्रास जास्त, तेव्हा आल्याच्या दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं कबूल करू नका.

फ्रिजवरची चिठ्ठी

शेवटचं काम मागे राहणाऱ्यांसाठी. वरच्या हिशोबाची एक चिठ्ठी, फक्त भारतीय वेळेत, विमानाच्या क्रमांकासकट. म्हणजे मध्यरात्री कुणी "पोचले का?" विचारत फोन करत नाही. प्रवास करणाऱ्यानेही हातातलं एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायचं. मोबाइल आपली वेळ आपण बदलतो, घड्याळाने बदलू नये.

पुढच्या वर्षी मामा-मामी पुन्हा गेले तेव्हा ती चिठ्ठी मी साताऱ्याच्या फ्रिजवर चिकटवली, एक प्रत माझ्याकडे. त्यावर लिहिलं होतं: ५:२५, टेकणार. त्या संध्याकाळी मोबाइल समोर ठेवून बसले होते. पावणेसहाला मामाचा व्हॉट्सअॅपवर आवाज आला, मागे विमानातली घोषणा चालू होती.

"उतरलो गं. वीस मिनिटं चुकलीस."